फुली मारलेली पहिली संख्या

आमच्या घरात मोजण्याचं खातं माझ्याकडे आहे. नळाला पाणी कोणत्या दिवशी आलं आणि किती मिनिटं टिकलं, हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो. गॅसची टाकी किती दिवस पुरली, तेही लिहितो. बायको त्या कॅलेंडरला ‘यांचं पंचांग’ म्हणते. मुलगी दुसरीत असताना तिने निबंधात ‘माझे पप्पा झाडं मोजतात’ असं लिहिलं होतं, आणि तिच्या बाईंनी त्या वाक्याशेजारी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं होतं. वाक्य मात्र अगदी बरोबर होतं.

मी एका बियाणे कंपनीच्या संशोधन शेतावर काम करतो. शेत बिडकीनच्या पुढे, पैठण रस्त्यापासून जरा आत आहे. तिथे एकोणीस वर्षं झाली. मक्याच्या, हरभऱ्याच्या वेगवेगळ्या वाणांचे लहान लहान प्लॉट पाडायचे, त्यांतली झाडं, कणसं, घाटे ओळीओळीने मोजायचे आणि वहीत लिहायचे, हे माझं काम. या कामात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. कडेची ओळ मोजायची नाही. कडेच्या झाडांना एका बाजूने मोकळी हवा असते, ऊन जास्त मिळतं, त्यामुळे ती आतल्या झाडांपेक्षा अंगाने भरतात. ती धरली तर साधं वाणही चांगलं दिसायला लागतं. म्हणून नवा प्लॉट सुरू झाला की वहीतल्या पहिल्या ओळीत कडेच्या ओळीची नोंद करायची, तिच्यापुढे फुली मारायची, आणि एक नंबर तिच्या खालच्या ओळीला द्यायचा. पलीकडच्या कडेला वेगळंच वाण पेरलेलं असतं, ते वहीत येतच नाही.

याच्या जोडीला माझा स्वतःचा एक नियम आहे. कुठलीही मोजणी दोनदा करायची. एकोणीस वर्षांत माझा आकडा चुकला म्हणून कुणी परत पाठवलेला नाही. हे मी घरी दोन-चारदा सांगितलेलं असावं, कारण मी ‘एकोणीस’ म्हटलं की मायलेकी एकमेकींकडे बघतात.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. मुलगी आठवीत होती. तिने एका गणित स्पर्धेची पहिली फेरी दिली होती. पंचवीस प्रश्न, त्यांतले अठरा बरोबर आले की दुसऱ्या फेरीत. कितीही मुलं अठरावर गेली तरी चालतील, पण अठरा हवेत. तिला या दुसऱ्या फेरीची फार ओढ होती. त्या फेरीत पर्याय नसतात, उत्तराबरोबर रीतही लिहायची असते, आणि वर्गातलं कुणीच आजवर तिथपर्यंत गेलेलं नव्हतं. जूनपासून ती दररोज शाळेतून आली की तासभर सरावाची गणितं करायची. मला त्यातली निम्मी कळत नसत. मी बीएस्सी ॲग्री आहे. बेरीज-वजाबाकी, सरासरी, टक्केवारी यांच्या पुढे कामात लागलं नाही.

उत्तरसूची गुरुवारी संध्याकाळी मोबाइलवर आली. त्या दिवशी आमच्याकडे पाण्याचा दिवस होता. मी मागच्या अंगणात टाकीत पाइप धरून उभा होतो. ती दारात येऊन थांबली.

“पप्पा, सतरा.”

“किती पाहिजेत?”

“तुम्हाला माहितीये किती पाहिजेत.”

मी पाइप टाकीला बांधला. ती म्हणाली, “पण एकोणिसाव्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी चुकीचं दिलंय. माझं बरोबर आहे.”

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. “प्रत्येक वेळी पेपर काढणाराच चुकतो, नाही का?”

“मम्मी, तू मध्ये बोलू नको. खरंच चुकलंय.”

मी हात पुसून प्रश्न वाचला. १, २, ३, ४, ५ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून जेवढ्या पाच अंकी संख्या होतात, त्या सगळ्या लहानापासून मोठ्याकडे ओळीने लिहिल्या, तर ४२३१५ ही संख्या कितवी येईल? हिने लिहिलं होतं एक्क्याऐंशीवी. उत्तरसूची म्हणत होती ऐंशीवी. उत्तरसूचीवर हरकत घ्यायची असेल तर शनिवारी पाच वाजेपर्यंत, परीक्षा झाली त्या केंद्रावर, विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या रीतीसह अर्ज द्यायचा होता. खाली विद्यार्थी आणि पालक दोघांच्या सह्या.

“बघा,” ती सांगायला लागली. “एकने सुरू होणाऱ्या चोवीस, दोनने चोवीस, अशा पाच वेळा चोवीस, एकूण एकशे वीस संख्या. त्यातल्या आपण…”

“थांब,” मी म्हटलं. “रीत नंतर. आधी मोजून बघू. मोजल्यावर वाद उरत नाही.”

हे वाक्य मी किती सहज बोललो, ते मला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

मागच्या हंगामातली एक कोरी नोंदवही कपाटात होती. तशा वहीत आखलेल्या ओळी असतात, डावीकडे क्रमांकाचा रकाना असतो. टेबलाशी बसून मी लिहायला सुरुवात केली. १२३४५. त्याखाली १२३५४. १२४३५. एकदा लय सापडली की हात आपोआप चालतो. मुलगी समोर बसून बघत होती. चौथं पान अर्धं व्हायच्या आत ४२३१५ आली. क्रमांकाच्या रकान्यात तिच्यापुढे मी ८० लिहिलं.

नियमाप्रमाणे मी दुसरी मोजणी केली. पेन्सिलीने एकेका क्रमांकावर बारीक टिंब देत पहिल्यापासून खाली आलो. कुठला क्रमांक गळलेला नव्हता, कुठला दोनदा आलेला नव्हता. पुन्हा ऐंशी.

“बेटा, ऐंशीच आहे.”

तिने वही ओढून शेवटची ओळ पाहिली. फक्त शेवटचीच पाहिली. मग स्वतःचा कागद पाहिला.

“मग माझी रीतच चुकली,” ती म्हणाली.

“असू दे. एका प्रश्नाने काय होतं?”

“एका प्रश्नाने नाही हो पप्पा. रीतच चुकली म्हणजे मला कळलंच नव्हतं. सहा महिने मला वाटत होतं, मला कळतंय.”

बायको तोवर बाहेर आली होती. तिने हिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही तरी दोन मिनिटं तिचं ऐकून घ्यायचं होतं.”

“ऐकून काय बदललं असतं? आकडा आकडाच असतो.”

“हो, आणि माणूस माणूस असतो,” ती म्हणाली आणि भाजी बघायला आत गेली. टाकी तोवर भरून वाहत होती. त्या दिवशीची मिनिटं कॅलेंडरवर लिहायची राहिली. ती जागा अजून कोरी आहे.

शुक्रवारी मुलगी शाळेतून आली, सरावाची तिन्ही पुस्तकं एका पिशवीत घातली आणि मला म्हणाली, “ही वर माळ्यावर टाका.” आदळआपट नाही, रडणं नाही. जुने कपडे द्यायला काढावेत तशी तिने ती पिशवी दिली. मी स्टुलावर चढून पिशवी माळ्यावर ठेवली. खाली उतरताना मला बरं वाटत नव्हतं. पण का, ते सांगता आलं नसतं. मी बरोबर होतो. उत्तरसूची आणि मी, दोन वेगळ्या ठिकाणी बसून एकाच आकड्याला आलो होतो. आमच्या कामात दोन माणसांचा आकडा जुळला की प्रश्न संपतो.

शनिवारी शेतावर जाताना ती वही माझ्या पिशवीत गेली. मुद्दाम नाही, रोजच्या वहीला चिकटून गेली. त्या दिवशी मक्याच्या प्लॉटची मोजणी होती. बरोबर मावशी होत्या. मावशी म्हणजे आमच्या शेतावरच्या बायकांच्या मुकादम. धनगर घरातल्या, साठीच्या आसपासच्या. माझ्याही आधीपासून या शेतावर आहेत. शाळेत फारशा गेल्या नाहीत, पण आकडे वाचता येतात आणि झाडं मोजण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. लहानपणी मेंढरं मोजून त्यांचा डोळा तयार झाला, असं त्या सांगतात. हलत्या मेंढराच्या मानाने उभं झाड म्हणजे त्यांना काहीच नाही.

साडेबाराला आम्ही लिंबाखाली जेवायला बसलो. भाकरी झाल्यावर मी पिशवीतून वही काढली तर हातात ही आली. उघडून बघितली. चौथं पान मध्येच तोडल्यासारखं दिसत होतं. ऐंशीपर्यंत येऊन मी थांबलो होतो, कारण हवी ती संख्या आली होती. पण अर्धं सोडलेलं रजिस्टर माझ्याच्याने बघवत नाही. अजून अर्धा तास सुट्टी होती. मी पेन काढलं आणि पुढे लिहायला लागलो. ४२३५१, एक्क्याऐंशी. ४२५१३, ब्याऐंशी.

“साहेब, जेवताना बी काम व्हय?” मावशींनी विचारलं.

“काम नाही, मावशी. पोरीचं गणित आहे.”

“मंग तुमी का करताय? पोरीला करू द्या की.”

मी हसून पुढे लिहीत राहिलो. पाचने सुरू होणाऱ्या संख्या आल्या आणि शेवटी ५४३२१ आली. याच्या पुढे संख्या नाही. रकान्यात तिच्यापुढे लिहिलं, ११९.

माझा हात थांबला. ‘पाच वेळा चोवीस, एकूण एकशे वीस’ असं ती गुरुवारी म्हणाली होती. तिची रीत चुकली असेल असं धरलं, तरी पाच वेळा चोवीस एकशे वीसच होतात, आणि चोवीस का, हे मलाही थोडा विचार केल्यावर कळत होतं. एक संख्या कुठेतरी गळली होती. मी प्रत्येक गट वेगळा मोजला. पाचने सुरू होणाऱ्या चोवीस. चारने चोवीस. तीनने चोवीस. दोनने चोवीस. एकने सुरू होणाऱ्या तेवीस.

मग मी एकच्या गटातली गळलेली संख्या शोधायला लागलो. क्रमांक एकपासून तेवीसपर्यंत दोनदा बघितलं. १२३५४ आहे, १२४३५ आहे, १२४५३ आहे. प्रत्येक संख्येनंतर जी यायला हवी, तीच येत होती. मधून काहीच गळलेलं नव्हतं. तरी तेवीसच.

मावशी डबा धुऊन आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या.

“काय हरवलं?”

“एक आकडा हरवलाय, मावशी. चोवीस पाहिजेत, तेवीस भरतायत.”

त्यांनी वहीच्या पानावर बोट ठेवलं. ते पान त्यांच्या ओळखीचं होतं. तसली पानं त्यांनी माझ्या हातात वर्षानुवर्षं बघितलेली आहेत. बोट वरपर्यंत गेलं आणि थांबलं.

“ही फुली कशापाई मारली?”

“कुठली?”

“ही काय. पयल्या वळीला. हितं काय कड हाय का?”

१२३४५ च्या पुढे, क्रमांकाच्या रकान्यात, माझ्याच हातची नीटस फुली होती. एक नंबर तिच्या खालच्या ओळीला दिला होता. नवी नोंद सुरू झाली, पहिली ओळ लिहिली, फुली मारली. एकोणीस वर्षांचा हात होता तो, मला न विचारता चालला. दुसरी मोजणीही मी ‘पहिल्यापासून’ म्हणजे क्रमांक एकपासून केली होती. फुलीची ओळ माझ्या डोळ्यांना दिसतच नव्हती. न दिसण्याचाच तर मला पगार मिळतो.

“लई हुशार तुमी,” मावशी म्हणाल्या. “कागदाला कुटं ऊन लागतंय जास्तीचं?”

ऐंशी नाही, एक्क्याऐंशी. मुलीचं बरोबर होतं. मग उत्तरसूचीवाल्यांचं ऐंशी कुठून आलं? तिथे बसूनच मी विचार केला तेव्हा लक्षात आलं. त्यांनी ४२३१५ च्या आधी किती संख्या येतात ते काढलं असणार. आधी ऐंशी येतात. ती स्वतः एक्क्याऐंशीवी. त्यांनी शेवटची धरली नाही आणि मी पहिली धरली नाही. दोन वेगळ्या चुका एकाच आकड्यावर येऊन भेटल्या होत्या, आणि त्या भेटीला मी पुरावा समजलो होतो.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मी घरी फोन लावला. बायकोने उचलला.

“ती कुठंय?”

“टीव्ही बघतेय. का हो?”

“तिला सांग, तिचं उत्तर बरोबर आहे. अर्ज लिहायला घे म्हणावं. मी निघालोय.”

बायको म्हणाली, “दोनदा मोजलं होतं ना तुम्ही?”

“दोनदाच मोजलं होतं. दोन्ही वेळा चुकलो.”

“हे मी तिला सांगणार नाही. तुम्हीच येऊन सांगा.” पण तिच्या आवाजात हसू होतं.

दुपारच्या दोन प्लॉटची मोजणी मावशींवर सोपवून मी मोटारसायकल काढली. पैठण रस्त्यावर काम चालू होतं, दोन ठिकाणी एकाच बाजूने गाड्या सोडत होते. पहिल्या ठिकाणी मी अकरा मिनिटं उभा राहिलो, दुसऱ्या ठिकाणी सात. एरवी मी असं कधी करत नाही, पण त्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी मी झेंडा धरलेल्या माणसाला विनंती केली. तो म्हणाला, “सगळ्यांनाच घाई आहे काका.” त्याचंही बरोबर होतं.

सिडकोत घरी पोहोचलो तेव्हा अडीच होऊन गेले होते. मुलगी खरोखर टीव्हीसमोर बसली होती. टेबलावर अर्ज कोरा होता.

“लिहिलं नाहीस?”

“काय लिहू? परवा तुम्ही ऐंशी म्हणालात. आज एक्क्याऐंशी म्हणताय. उद्या?”

मी तिच्यासमोर वही उघडली आणि फुली दाखवली. कडेची ओळ, नोंद, सवय, मावशी, सगळं सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे तुम्ही पहिली संख्या मोजलीच नाही?”

“नाही.”

“आणि मी समोर बसले होते.”

“तू शेवटची ओळ बघितलीस.”

“तुम्ही मोजलं होतं म्हणून वरचं बघितलं नाही,” ती म्हणाली. मग एकदम तिचा चेहरा खुलला आणि ती हसायला लागली. “पप्पा, सॉरी, पण तुम्ही गणितालाही कडेची ओळ लावलीत!”

बायकोही हसली, मीही हसलो. पण घड्याळ थांबलं नव्हतं.

“आता लिही. तुझ्या रीतीने लिही. परवा मी ऐकली नाही, आज ऐकतो.”

ती लिहू लागली आणि लिहिता लिहिता मला सांगू लागली. पहिला अंक चार आहे. त्याच्याहून लहान एक, दोन, तीन. त्या तिघांनी सुरू होणाऱ्या सगळ्या संख्या आधी येणार. पहिला अंक ठरला की उरलेले चार अंक चोवीस तऱ्हेने बसतात. तीन वेळा चोवीस, बहात्तर. आता चारच्या गटात आलो. उरले एक, दोन, तीन, पाच. दुसरा अंक दोन. त्याच्याहून लहान फक्त एक. मागचे तीन अंक सहा तऱ्हेने बसतात. बहात्तर आणि सहा, अठ्ठ्याहत्तर. उरले एक, तीन, पाच. तिसरा अंक तीन. लहान फक्त एक. मागचे दोन अंक दोन तऱ्हेने. ऐंशी. उरले एक आणि पाच, ते लहान-मोठे आधीच ओळीत आहेत. तेव्हा आधी ऐंशी संख्या, आणि ही एक्क्याऐंशीवी.

“बस?” मी विचारलं.

“बस.”

मी चार पानं लिहिली होती, तिचं चार ओळींत झालं. शिवाय माझ्या चार पानांत चूक होती. मला याचं वाईट वाटायला हवं होतं कदाचित. वाटलं नाही. एखाद्या प्लॉटमध्ये चांगलं वाण सापडलं की मावशींना हाक मारून दाखवावंसं वाटतं, तसं काहीतरी वाटलं.

पालकाच्या सहीच्या जागी सही करण्याआधी मी त्या चार ओळी पहिल्यापासून पुन्हा वाचल्या. ती म्हणाली, “दोनदा वाचताय ना?”

“दोनदाच.”

“वरून सुरुवात करा.”

निघताना तिने स्वतःहून माझी वही उचलली. “हीसुद्धा जोडू.”

“ती चुकलेली आहे.”

“यादी बरोबर आहे. नंबर चुकलेत.” फुलीच्या जागी तिने लाल पेनाने १ लिहिला. बाकीचे एकशे एकोणीस क्रमांक खोडून पुन्हा लिहायला वेळ नव्हता. तिने पानाच्या वर एक ओळ लिहिली, ‘लाल १ च्या खालच्या प्रत्येक क्रमांकात एक मिळवावा’, आणि त्याखाली माझी सही घेतली.

वाटेत अर्जाची आणि वहीची झेरॉक्स काढून केंद्रावर पोहोचलो तेव्हा चार वाजून पाच मिनिटं. खिडकीत बसलेले गृहस्थ दप्तर आवरायच्या बेतात होते. त्यांनी अर्ज घेतला आणि मग वही हातात घेऊन उलटसुलट बघितली.

“ये क्या है साब? चार लाइन का अर्ज, और उसके साथ पूरी डायरी?”

“सगळ्या संख्या आहेत. एकशे वीस.”

“हाथ से लिखा? किसने?”

“पप्पांनी,” मुलगी म्हणाली.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग वरची लाल ओळ वाचली. “हर नंबर में एक मिलाना. क्यूं?”

मला सांगावं लागणार, असं वाटून मी तोंड उघडलं, पण मुलीने मला बोलू दिलं नाही. “सवयीची चूक आहे, सर. यादी बरोबर आहे.”

त्यांनी पोच म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला. वेळ लिहिली, ४.१०. शिक्का वाकडा बसला होता. एरवी मी दुसरा मागितला असता.

सुधारित उत्तरसूची यायला सोळा दिवस लागले. या सोळा दिवसांत तिने माळ्यावरची पिशवी काढायला सांगितली नाही आणि मीही तो विषय काढला नाही. सूची आली तेव्हा मी शेतावर होतो. बायकोने फोटो पाठवला. एकोणिसाव्या प्रश्नापुढे ८० खोडून ८१ केलं होतं. फोटोखाली तिने लिहिलं होतं, ‘अठरा झाले. पिशवी खाली काढली. मी चढले स्टुलावर, तुमची वाट बघितली नाही.’ मी तो फोटो मावशींना दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, “ऐंशीचं एक्क्याऐंशी. येवढ्या एकापाई एवढं पळाला व्हय तुमी?”

“एवढ्या एकापायीच.”

“मंग बराबर हाय. कळपात बी एकच कमी भरलं तरी माघारी जावं लागतंय.”

दुसरी फेरी फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाली. आत जाण्यापूर्वी मुलीने माझ्या हातावर एक चिठ्ठी ठेवली. “तीन तास बसून काय करणार तुम्ही? हे सोडवा. वही न उघडता.” चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘त्याच यादीत शंभरावी संख्या कोणती?’

मी शाळेच्या आवारात एका कट्ट्यावर बसलो. इतर पालक उन्हात खुर्च्या ओढून गप्पा मारत होते. ‘तुमच्याकडे पाणी कधी आलं’ यावर बोलणं चाललं होतं, आणि त्यात भाग घ्यायला माझ्याकडे भरपूर आकडे होते, पण मी गेलो नाही. चिठ्ठीच्या मागे लिहायला लागलो. चार वेळा चोवीस, शहाण्णव. म्हणजे एक ते चारने सुरू होणाऱ्या सगळ्या संपल्या. शंभरावी पाचने सुरू होणार आणि त्या गटात ती चौथी. दुसरा अंक एक असलेल्या सहा आहेत, चौथी त्यांतच आली. तिसरा अंक दोन असलेल्या दोन, त्या संपल्या. मग तीन असलेली पहिली, आणि तीन असलेली दुसरी. ती चौथी. ५१३४२.

याला मला चाळीस मिनिटं लागली. तिला दोन लागली असती.

पेपर सुटला. ती बाहेर आली, पाण्याची बाटली माझ्याकडे दिली आणि मी काही विचारण्याआधी म्हणाली, “सांगा.”

“आधी तू सांग. कसा गेला?”

“सहातली चार पूर्ण. एक अर्धं. एक अजिबात नाही सुटलं, पण का नाही सुटलं ते कळलं. आता तुम्ही सांगा.”

“पाच, एक, तीन, चार, दोन.”

ती क्षणभर डोळे मिटून मनात मोजत राहिली. “बरोबर. वही उघडली नाही ना?”

“वही केंद्रावर जमा आहे. पण घरी तिची झेरॉक्स आहे.”

“पप्पा!”

घरी गेल्यावर मी ती झेरॉक्स काढून बघितलीच. ५१३४२ शेवटच्या पानावर आहे, माझ्या अक्षरात. तिच्यापुढे नव्व्याण्णव लिहिलंय. मी एक मिळवला.